सोयर पाळलं नाही

१२ जानेवारी २०२५

इथल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, मनात येईल ते लिहून काढा, मोकळं वाटेल. लिहिते. मनात सध्या शिव्याच येतायत.

काल सकाळी माझं पोट फाडून मुलगी बाहेर काढली. सातव्या महिन्यात. बीपी इतकं चढलं होतं की डॉक्टर हर्षवर्धन म्हणाले, आता थांबलो तर दोघीही हातच्या जातील. मी म्हटलं, काढा मग, मला काय विचारता!

बारा वर्षं यासाठी घालवली. तीनदा राहिलं आणि तीनदा गेलं. दिलसुखनगरच्या कोचिंग सेंटरमध्ये मी फिजिक्स शिकवते. दोन लेक्चरांच्या मधे बाथरूममध्ये जाऊन पोटात सुई खुपसायची आणि परत फळ्यासमोर येऊन न्यूटन शिकवायचा, असली बाई आहे मी. आणि एवढं करून पोरगी आली ती अशी. किलोभरसुद्धा नाही. वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलीय. संदेशनं मोबाइलवर फोटो दाखवला, त्यात नुसत्या नळ्या. मी म्हटलं, "यात माझी मुलगी कुठाय?" तर नवरा रडायला लागला. रडणारा पुरुष मला एक मिनिट सहन होत नाही. मी तोंड फिरवून झोपले.

आणि म्हातारी! माझी सासू चतुराबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, तोंडावर मीही तेच म्हणते. इथं म्हातारी लिहिणार. काल दिवसभर हॉस्पिटलच्या खालच्या बाकावर बसून होती म्हणे. वर आली नाही. मुलगा का मुलगी, विचारलं नाही. संदेश सांगायला गेला तर म्हणाली, "बरं बरं, हळू बोल," आणि ऑटो करून घरी गेली. नातू हवा होता ना. गिळली असेल तिनं शनिवारच्या उपासाची भगर आरामात.

१३ जानेवारी

चाकाच्या खुर्चीतून वर नेलं. बघितली.

कान अजून धड उठलेले नाहीत. पाठीवर लव आहे. छाती अशी वरखाली होते की बघवत नाही. पायाला पट्टी बांधलीय, त्यावर लिहिलंय, बेबी ऑफ रेणू. ती पट्टी मी कितीतरी वेळ वाचत बसले. स्नेहा सिस्टर म्हणाली, "मेडम, टेन्शन नक्को लो, पाप अच्छा है." इथं तेलुगूत बाळाला पाप म्हणतात, माहीत आहे मला, जन्म गेला या गावात. तरी आज तो शब्द ऐकून अंगावर आलं.

१५ जानेवारी

आज जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

संदेश घरून डबा घेऊन आला. भाकरी, मेथीची भाजी आणि एका छोट्या डबीत तिळगूळ. मी तीळ तोंडात टाकला आणि एकदम थांबले. म्हटलं, "हे कुठलं?"

"आईनं केलं. काल संक्रांत होती ना."

"वाण दिलं?"

"दिलं की. गल्लीतल्या बायका आल्या होत्या."

"देवपूजा?"

"ती तर रोजचीच." त्याला कळेना मी का विचारतेय.

घरात मूल जन्माला आलं की दहा दिवस सोयर. देवाला हात लावायचा नाही, सण नाही, वाण नाही. ही म्हातारी असली कडक की शेजारच्या गल्लीत भावकीतलं कुणी बाळंत झालं तरी दहा दिवस देव्हाऱ्याला पडदा लावते. आणि माझी मुलगी जन्मली तर सोयर नाही! आज पाचवी, तर पाटा-वरवंटाही मांडला नाही. म्हणजे तिच्या हिशेबी आमच्या घरात कुणी जन्मलंच नाही. ही जगणार नाही, मग कशाला उगाच सण बुडवा, असाच विचार केला असणार तिनं.

मी हे सोयर-सुतक, सटवाई काही मानत नाही. पोरांना वर्गात सांगते, असल्या गोष्टींना पुरावा काय? पण माझ्या पोरीसाठी पाळायला पाहिजे होतं. गल्लीतल्या सगळ्यांसाठी पाळता, मग माझ्याच पोरीनं काय घोडं मारलं?

डबी मी कचऱ्यात टाकली. संदेश म्हणाला, "अगं, खाण्याची वस्तू आहे ती." म्हटलं, "तू पण जा तिच्या मागं."

१६ जानेवारी

संदेशनं आईला विचारलं म्हणे. ती म्हणाली, "काही गरज नाही. आमच्याकडं काय झालंय?"

हे त्यानं मला येऊन जसंच्या तसं सांगितलं. या माणसाला सुलतान बाजारच्या दुकानात निळ्याच्या चौदा छटा ओळखता येतात. मॅचिंग सेंटर चालवतो, साडीचं टोक बघून अस्तर काढून देतो. बायकोसमोर काय बोलू नये एवढं मात्र ओळखता येत नाही.

मी स्नेहा सिस्टरला बोलावून सांगितलं, माझी सासू आली तर आत सोडायचं नाही. ती म्हणाली, "मेडम, दादी है ना." मी म्हटलं, "वही बोल रहे ना, उन्के यहां कुछ हुआ ही नहीं. तो दादी कायकी?"

२१ जानेवारी

मला घरी सोडलं, पण मी गेले नाही. इथं आयांसाठी एक खोली आहे, आठ कॉट, एक पंखा. तिथंच राहते. विद्यानगरला त्या घरात पाऊल ठेवणार नाही.

दूध पंपानं काढून द्यायचं. सगळा जीव एकवटून तळाशी चमचाभर जमतं. बाजूच्या कॉटवरची मुलगी वीस वर्षांची, तिच्या बाटल्या भरून वाहतात. मला तिचा राग येतो. ती बिचारी मला म्हणते, "अक्का, मेथी खाओ." तिचाही राग येतो.

पोरगी मधेच श्वास घ्यायची विसरते. मशीन ओरडतं, सिस्टर येऊन तळव्याला टिचकी मारते, मग ती परत घेते. श्वास कुणी विसरतं का? मी उभी होते तेव्हा एकदा असं झालं. मी ओरडले, "अगं घे ना!" अख्खी खोली बघायला लागली.

२६ जानेवारी

रविवारी आजी-आजोबांना आत सोडतात, पाच-पाच मिनिटं. सगळ्यांच्या आज्या नटूनथटून आल्या होत्या.

आमची म्हातारीही आली. मी सांगून ठेवल्यामुळं सिस्टरनं दारात अडवलं. भांडेल असं वाटलं होतं मला, मीही पदर खोचून तयार होते. तर ही मुकाट बाहेरच्या बाकावर बसली. मी पंपाची बाटली घेऊन तिच्यासमोरून गेले. तेवढ्यात शेजारच्या बाईनं तिला विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

म्हातारी म्हणाली, "कुणी नाही बाई. जरा पाय दुखले म्हणून टेकले."

माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली.

बाटली हातातून पडली नाही हे नशीब. मी सिस्टरला परत जाऊन सांगितलं, या बाईला या मजल्यावरसुद्धा येऊ द्यायचं नाही. संदेश म्हणतो आई रोज येते, खालीच बसते, संध्याकाळी जाते. येऊ दे की. बाक काय माझ्या बापाचा आहे?

३० जानेवारी

टाके पिकले. ताप चढला, परत दाखल केलं. हातात सुई. तापाच्या बाईला वर जायला मनाई.

संदेशला खोकला झालाय. त्यालाही मनाई.

आणि डॉक्टर हर्षवर्धन काय म्हणतात तर आता तिला पेटीपेक्षा माणसाच्या अंगाची ऊब पाहिजे. उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, तासन्‌तास. त्यानं श्वास विसरणं कमी होतं, वजन चढतं. आई नाही तर बाप. बाप नाही तर घरचं कुणीही धडधाकट माणूस.

मी म्हटलं, घरचं कुणी नाही.

माझी आई असती तर. जाऊ दे. ती नाही. बहीण कॅनडात. वीस वर्षांच्या त्या मुलीची आई, सासू आणि मावशी तिघी पाळी लावून बसतात, आणि माझी पोर पेटीत एकटी.

डॉक्टर म्हणाले, "खाली एक आजी रोज बसलेल्या असतात. वॉचमन म्हणतो त्या तुमच्याच आहेत."

३१ जानेवारी

केला फोन. जीभ झडली नाही माझी, एवढंच.

"आत्याबाई, वर यायचं असेल तर या."

"कुणाला बघायला?"

मला वाटलं फोन आपटावा. दात आवळून म्हटलं, "बघायला नाही. छातीवर घेऊन बसायचंय. ऊब पाहिजे तिला."

"कुणाची का असेना," म्हातारी म्हणाली, "लेकराला ऊब लागतेच. येते."

कुणाची का असेना! मी उशीत तोंड खुपसून रडले. फोन ठेवून होतो न होतो तोच स्नेहा सिस्टरचा निरोप, दादी आली, हातपाय धुऊन बसली. म्हणजे घरून नाही, खालूनच बोलत होती. आणि आली ती नवं ब्लाऊज घालून. पुढून बटणांचं, मऊ मलमलचं. सिस्टर म्हणाली तिच्या पिशवीत तसली आणखी तीन आहेत, धुऊन, इस्त्री करून. हौस बघा बाईची! माझी पोर मरणाच्या दारात आणि हिला ब्लाऊजं शिवून घ्यायला सुचतंय. जन्मभर पाठीमागं हूक लावणाऱ्या बाईला आत्ताच फॅशन आठवली.

४ फेब्रुवारी

ताप उतरला, पण आणखी काही दिवस वर जायचं नाही. काचेतून बघायची परवानगी दिली.

म्हातारी खुर्चीत मागं रेलून बसली होती. पदराखाली माझी मुलगी, टोपीचं टोक तेवढं दिसत होतं. म्हातारीच्या हातात एकही बांगडी नाही. मनगटं उघडी, पांढरी पडलेली. मामंजी चांगले धडधाकट असताना! मंगळागौरीला हिनं मला एक बांगडी फुटली म्हणून अर्धा तास बोल लावले होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, "बांगड्या कुठायत?" तर म्हणते, "विसरले घालायच्या." एवढी कधी विसरायला लागली?

मला नीट दिसावं म्हणून तिनं खुर्ची वळवलीसुद्धा नाही. उलट माझी चाहूल लागली तसा पदर आणखी ओढून घेतला.

८ फेब्रुवारी

स्नेहा सिस्टर भोळी आहे. मला खूश करायला म्हणून सांगत होती की दादी पापाशी सारखं बोलत असते. मी म्हटलं, काय बोलते? तिनं मराठी येत नसताना ऐकून ऐकून पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "काली, नकटी, टाकलेली. कुनाची गं तू? मी नाही ओळखत."

माझ्या मुलीला नकटी म्हणते. टाकलेली म्हणते!

वर्गातल्या पोराला कुणी असं बोललं असतं तर मी त्याच्या बापाला बोलावून घेतलं असतं. पण काय करू? वजन चढतंय. मशीन ओरडणं कमी झालंय. डॉक्टर म्हणतात, "तुमच्या सासूबाईंना जादू येते." जादूच येते. माझी मुलगी माझ्याकडून काढून घेण्याची. मी काचेच्या बाहेर उभी, माझं दूध नळीतून जातं, आणि ऊब कुणाची? हिची! उद्या पोरीला वास कुणाचा ओळखीचा वाटणार? हिचाच.

पाणी प्यायलासुद्धा उठत नाही म्हणे. उठावंसं वाटू नये म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. हट्टी आहेच ती पहिल्यापासून.

१८ फेब्रुवारी

परवा माझ्या छातीवर पहिल्यांदा दिली, सिस्टरनं आधी माझ्या बांगड्या काढायला लावून. त्याबद्दल लिहायचं होतं. आता लिहवत नाही.

काल संसर्ग झाला. दूध पचेना, रंग राखेसारखा, परत नळी, परत पेटी. डॉक्टरांनी दोघांना खोलीत बसवून सांगितलं, चोवीस तास काही सांगता येणार नाही.

मी तशीच खाली गेले. म्हातारी बाकावर होती. चार लोकांत तिला बोलले. म्हटलं, "झालं मनासारखं? नकटी म्हणा, टाकलेली म्हणा, कुणाचीच नाही म्हणा! तुमच्या जिभेनं झालं हे. पहिल्या दिवसापासून तुम्ही तिला मेलेलीच धरलीय. सोयर पाळलं नाहीत तुम्ही तिचं!"

 तिनं उघड्या मनगटांवर पदर ओढून घेतला. मी आणखी बोलले असते, पण टाक्यांत कळ आली.

थोड्या वेळानं मामंजी वर आले. माझे सासरे मुकुंदराव, वर्षाला दहा वाक्यं बोलणारा माणूस. आयांच्या खोलीच्या दारात उभे राहिले, आत बायका म्हणून पाठ करून. तसेच पाठमोरे बोलले.

"रेणू, संदेशच्या आधी तिची दोन गेली. दोन्ही वेळेला सोयर पाळलं, पाचवी जोरात केली, गावजेवण घातलं. दोन्ही लेकरं बारशाच्या आत गेली. मग हा झाला, हाही सातव्या महिन्यातलाच, मुठीएवढा. त्याचं काहीच केलं नाही तिनं. जो विचारेल त्याला सांगायची, माझा नाही. मल्लम्मा म्हणून भाजीवाली होती, तिला सूपभर कोंड्यावर विकला अन् नाक टोचलं. मल्लम्मा जगली तोवर त्याला 'ना कोडुकु' म्हणायची, माझा लेक म्हणायची, अन् ही गुमान ऐकून घ्यायची. आपलं म्हटलं की नजर पडते, असं तिच्या मनानं घेतलंय. बोलू नक्को म्हणून मला शपथ घातली होती. मोडली मी."

संदेशच्या नाकाला उजवीकडं बारीक खळगा आहे. बारा वर्षं मी तो मुरमाचा डाग समजत होते.

वाईट वाटलं. वाटलं, लिहूनच टाकते. आणि मग दुप्पट राग आला. माझी तीन गेली. तिन्ही वेळेला मी त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात तिच्यासमोर पोळ्या लाटत उभी होते. एकदाही म्हणाली नाही की रेणू, माझीही दोन गेलीत. मी तिला दगड समजत राहिले आणि तिनं समजू दिलं. असली माया काय चुलीत घालायची?

१९ फेब्रुवारी

सकाळी रंग परत आला. डॉक्टर हसले, म्हणजे तोंडाचा कोपरा हलला.

मी खाली जाऊन म्हातारीला सांगितलं, "आहे." तिनं विचारलं, "कोण?" मी म्हटलं, "नकटी." तिनं मान हलवली आणि पिशवीतनं पाण्याची बाटली काढून अख्खी प्यायली.

माफी मागितली नाही मी. तिनंही मागितली नाही.

६ मार्च

दूध ओढून प्यायला लागली. आठवड्याभरात घरी नेता येईल. आता रोज दुपारपर्यंत माझ्या छातीवर, नंतर म्हातारीच्या. पाळी बदलताना आमचं भांडण होतं. ती म्हणते मी टोपी घट्ट घालते. मी म्हणते तुम्ही सैल घालता. स्नेहा सिस्टर मधे हसत उभी असते.

आज म्हातारी म्हणाली, "घरी नेण्याआधी विकून टाक."

"कुणाला विकू? मल्लम्मा आहे का आता? भाजी ॲपवरनं येते. त्या डिलिव्हरीवाल्याला देऊ?"

मल्लम्माचं मला कसं कळलं म्हणून ती चपापली. मग म्हणाली, "विकू नक्को तर नक्को. चार माणसांत तोंडानं म्हण नुसतं, माझी नाही. तेवढं बास होतं."

"नाही म्हणणार."

"तोंडाला काय लागतंय गं?"

"तुम्हाला काय कळणार! बारा वर्षं लोकांनी मला तेच सांगितलं. तुझं मूल नाही. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात. समोरच्या शोभावहिनींनी सुनेच्या डोहाळजेवणाला ओटी भरताना माझ्या हातातला नारळ काढून घेतला होता, आठवतंय? 'तू राहू दे रेणू' म्हणाल्या. मी या पोरीला घेऊन पहिली त्यांच्या दारात जाणार. ही माझी, माझी, माझी. शंभर लोकांत ओरडून सांगणार."

म्हातारीचा चेहरा पडला. हात जोडले तिनं. खरोखरचे जोडले. मी निघून आले. भौतिकशास्त्राची शिक्षिका आहे मी, माझ्या तोंडून असलं काही निघणार नाही.

१२ मार्च

घरी आलो.

कारमध्ये मी मागं पोरीला घेऊन, बाजूला म्हातारी, पुढं संदेश. विद्यानगरच्या सिग्नलला गाडी थांबली आणि माझ्या हाताला काहीतरी वेगळं लागलं. म्हणजे काहीच लागलं नाही. छाती हलत नव्हती. ओठ जांभळे. मशीन नाही, सिस्टर नाही. मी टोपडं फेकलं, तळव्याला टिचकी मारली. दुसरी मारली. म्हातारी श्वास धरून बघत होती. तिसऱ्या टिचकीला पोरगी दचकली आणि रडली. संदेशला पुढं कळलंसुद्धा नाही. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, दूध वर आलं असेल, एकदा होतं असं, पण परत झालं तर सरळ घेऊन या. ते शांतपणे बोलत होते, मी पोरीच्या छातीवरचा हात काढला नाही.

गल्लीत शिरलो तर शोभावहिनी फाटकात. आणखी तीन-चार बायका. कुणी सांगितलं कोण जाणे. मी उतरले तशा पुढं आल्या, "अगं बाई, आणलीस का शेवटी! बघू बघू, कुणावर गेलीय?"

हाच तो क्षण. मी बारा वर्षं याच्यासाठी वाक्यं जुळवून ठेवली होती, चांगली झोंबणारी.  छातीशी पोरीचा श्वास लागत होता, जात होता, परत लागत होता.

मी म्हटलं, "कुणावर जाणार, वहिनी? माझी नाहीये ही."

"म्हणजे?"

"माझी नाही. आमच्या आत्याबाईंनी आणलीय कुठनं तरी. सूपभर कोंड्यावर."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. संदेश डिकीतनं पिशव्या काढता काढता तसाच थांबला.  मनात म्हटलं, झालं, बोलले, आता हिला काही होणार नाही, चला आत.

आणि मागून म्हातारी कडाडली.

"का म्हणून तुझी नाही? सात महिने पोटात वागवलीस, पोट फाडून घेतलंस, दोन महिने त्या खोलीत कुत्र्यागत पडून राहिलीस अन् तुझी नाही? आमचीच आहे ती! शोभा, नीट बघून घे. माझ्या रेणूची आहे! माझी नात आहे!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली.

मग तिला कळलं आपण काय बोललो ते. तोंडावर हात ठेवला. तशीच पायरीवर बसली आणि "मी काय बोलले, देवा, मी काय बोलले," म्हणून रडायला लागली. इतक्या वर्षांत मी हिला रडताना बघितलं नव्हतं. शोभावहिनी तिला धरायला वाकल्या, त्यांना तिनं झिडकारलं.

मी बघत उभी राहिले. काय करावं कळेना. पाया पडू का भांडू? मग पोरगी तिच्या मांडीवर ठेवली.

म्हटलं, "बोललात ना? आता निस्तरा. धरा हिला. रात्रंदिवस तुम्हीच राखायची."

तिनं धरली. उठून आत आली, पुढची बटणं काढली, पोरीला छातीशी घेतलं आणि दिवाणावर बसली. संध्याकाळ झाली तरी खाली ठेवलेली नाही. मी मागितली तर पदर ओढून घेते. मामंजींनी जेवायला हाक मारली तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाली, "माझे हात गुंतलेत. तूच भरव."

भाकरी कुस्करून वरणात कालवली आणि भरवली. टोपी सैल आहे म्हणून बोलले, तिनंही तोंडात घास असताना उलट उत्तर दिलं. घास मी रागानंच भरवला. सगळं ताट संपेपर्यंत भरवला.